ठकूआक्काच्या गुळण्या

फार मागची गोष्ट. नदीवर पूल नव्हता, माणसं नावेतून जात-येत होती आणि देवळापुढची जी म्हातारी चिंच तुम्ही आज बघता ती तेव्हा शेळीच्या तोंडाला येईल एवढीच होती. त्या काळी आमच्या रसाळवाडीत ठकूआक्का नावाची कुंभारीण होऊन गेली. तिची ही गोष्ट आहे. ऐकताना हसलात तरी चालेल, तिला ते आवडायचं. फक्त तोंडात चिक्की असेल तर आधी गिळून घ्या.

रसाळवाडी म्हणजे उसाचं गाव. दिवाळी सरली की शिवारात गुऱ्हाळं लागायची. चरकातून रस गळायचा, भल्यामोठ्या काहिलीत तो उकळायचा आणि झाडून सगळं गाव त्या काहिलीभोवती घोटाळायचं. कुणाच्या हातात उसाचं कांडं, कुणाच्या दाढेखाली गरम गुळाचा खडा, कुणाच्या ताटलीत गुळाआधीची पातळ काकवी. पाळण्यातल्या लेकरालासुद्धा बोटानं काकवी चाटवायचे. असं म्हणतात की रसाळवाडीच्या मुंग्यादेखील बाकीच्या गावांतल्या मुंग्यांपेक्षा अंगानं भरलेल्या होत्या.

मग दातांचं काय होणार? किडायचे. किडलेली दाढ ठणकायची, हिरडीत पू धरायचा आणि सकाळी उठून बघावं तर गाल टम्म. त्यावर गावात एकच औषध होतं. वीट तापवायची, फडक्यात गुंडाळायची आणि गालाला बांधून बसायचं. बाहेरून असा शेक बसला की सूज बाहेरच्या बाजूला पिकायची आणि एक दिवस गालातूनच फुटायची. माणूस त्यातून उठायचा, पण गालाला जन्माचा खळगा पडायचा. बाजारात लोक तोंडाकडं बघूनच ओळखायचे, हा रसाळवाडीचा. सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे नाकडोळे नंतर बघायचे, आधी गाल बघायचे.

ठकूआक्काचं घर गावाच्या कडेला, नदीच्या वाटेवर होतं. अंगानं काटकुळी, तोंडानं फटकळ, आणि हसायला लागली की तिचे डोळे आपोआप मिटायचे. नवरा लवकर गेला. बाईनं कुंभाराच्या चाकाला हात लावायची तेव्हा रीत नव्हती. हिनं लावला. लोक थोडे दिवस बोलले, मग उन्हाळा आला आणि बोलणारेच तिच्या दारातून गार पाण्याचे माठ घेऊन गेले.

एकदा तिचीच दाढ ठणकली आणि गाल सुजला. ती आव्यापुढं, म्हणजे मडकी भाजायच्या भट्टीपुढं बसली होती. चारचौघांसारखी तीही वीट तापवायला घेणार, एवढ्यात तिची नजर एका मडक्यावर गेली. जाळ एकाच अंगानं जास्त लागला होता आणि मडकं नेमकं त्याच अंगाला तडकलं होतं. ठकूआक्का मडक्याकडं बघत राहिली. मग स्वतःशीच म्हणाली, "ज्या अंगाला जाळ, त्या अंगाला तडा. मग म्या गालाला भाईरनं जाळ लावून बसले तर तडा कुठं जाईल?"

तिनं वीट बाजूला टाकली. एका बोळक्यात, म्हणजे छोट्याशा मडक्यात, सोसवेल एवढं ऊन पाणी घेतलं, त्यात चिमूटभर मीठ ढवळलं आणि घोट घेऊन दुखऱ्या बाजूला धरून बसली. निवलं की थुंकायचं, पुन्हा घ्यायचं. दिवस कलायच्या आत सूज आतल्या आतच फुटली, सगळी घाण थुंकीवाटे गेली आणि वरची कातडी होती तशी गुळगुळीत राहिली. असं म्हणतात की आनंदानं ती एवढ्या जोरात ओरडली की आव्यातली सगळी मडकी एका सुरात वाजली.

त्या दिवसापासून सुजलेले गाल तिच्या दारात यायला लागले. ती प्रत्येकाला नवं बोळकं द्यायची. दुसऱ्याच्या बोळक्याला तोंड लावलेलं तिला खपत नसे. आतून ऊन मिठाचं पाणी, बाहेरून गार पाण्याची घडी, एवढंच तिचं औषध. पण सूज उतरली म्हणून कुणी खुशाल घरी निघाला की ती त्याला हाताला धरून खाली बसवायची.

"सूज गेली म्हंजे पाव्हणा गेला," ती म्हणायची. "पर त्येचं गाठोडं हितंच हाय न्हवं? त्यो परत येणार. गाठोडं भाईर काढाय पायजे."

गाठोडं म्हणजे किडलेली दाढ. ती काढायची तिची रीत अशी होती. चाकावरचं कच्चं मडकं कापून घ्यायला कुंभाराकडं दोरा असतो. तो दोरा ती गुळण्यांनी हललेल्या दाढेला बांधायची, दुसरं टोक चाकाला बांधायची आणि सहज विचारल्यासारखं विचारायची, "आज जेवणाला काय केलंतंसा?" समोरचा आठवायला लागला की इकडं दांडकं घालून चाक गरकन फिरवायची. असं म्हणतात की पाटलांना 'आमटी' हा शब्द सलग म्हणताच आला नाही. 'आम' दाढेसकट म्हणाले आणि 'टी' दाढ गेल्यावर.

तरी ती आपल्या हाताची हद्द ओळखून होती. सूज डोळ्याकडं चढली, गळ्याकडं उतरली, किंवा माणसाला घोट गिळवेना, श्वास घेववेना, की ती बोळकं पुढं करायची नाही. "हे माज्या हातातलं न्हाई, गाडी जुंपा," म्हणायची आणि स्वतः गाडीत बसून त्याला संस्थानच्या दवाखान्यात पोचवून यायची.

आता ऐका येसबाची गोष्ट, कारण ठकूआक्काचं नाव झालं ते त्याच्यामुळं.

येसबा आमच्या मळाईदेवीचा शिंगवाला. शिंग म्हणजे ते पितळेचं, वळणदार, माणसापेक्षा उंच. चैत्रातल्या जत्रेला, मावळतीचं ऊन देवळाच्या कळसावर असतानाच शिंग वाजायचं आणि शिंग वाजल्याशिवाय पालखी उचलायची नाही, असा रिवाज. ऊन कळसावरून उतरलं आणि शिंग वाजलं नाही, तर शिंगाचा मान कायमचा नदीपलीकडच्या पैलवाडीला जायचा. पैलवाडीचा शिंगवाला धुळबा दरसाल जत्रेला यायचा, आपलं शिंग फडक्यात गुंडाळून मांडीवर घेऊन पुढं बसायचा आणि कळसाकडं बघत राहायचा. येसबाच्या घराण्यानं मात्र एकदाही ऊन उतरू दिलं नव्हतं.

येसबा म्हणजे दाराच्या चौकटीत न मावणारा माणूस. उधळलेला बैल शिंगाला धरून थांबवायचा. पण त्यानं पाटलांची दाढ हवेत उडताना बघितली होती. तेव्हापासून नदीला जायचं असलं तरी तो ठकूआक्काचं घर टाळून शेतातून वळसा घ्यायचा.

आणि नेमका जत्रा तोंडावर आली असताना त्याचाच गाल सुजला.

"आक्काकडं चला की," त्याची बायको तुळसा म्हणाली.

"मरीन, पर त्या चाकाम्होरं बसणार न्हाई," येसबा म्हणाला, आणि त्यानं जुन्या माणसांसारखी वीट तापवून गालाला बांधली. सूज वाढली. त्यानं वीट आणखी तापवली. सूज आणखी वाढली.

जत्रेचा दिवस उजाडला. मळाईला हळदीकुंकू झालं, पालखीला झेंडूच्या माळा लागल्या, खेळण्यांची आणि जिलबीची पालं पडली. दुपार कलली तेव्हा तुळसा धावत ठकूआक्काकडं आली. तिचा पदर वाऱ्यावर होता.

"आक्का, ह्यांचा पत्ता न्हाई! शिंग बी घरात न्हाई!"

गाव शोधायला निघालं. त्या साली शेवटचं गुऱ्हाळ चैत्रापर्यंत लांबलं होतं. तिथल्या चिपाडाच्या ढिगामागं येसबा सापडला. पटक्यानं गालाला वीट बांधलेली, शिंग मांडीवर, आणि एवढा मोठा बाप्या लहान पोरासारखा रडत होता. गाल तर असा की भोपळ्यानं लाजावं. बघायला आलेल्यांतले दोघेचौघे हसलेच.

ठकूआक्का वाट काढत पुढं आली. तिनं पटका सोडला, वीट लांब भिरकावली आणि गार पाण्याची घडी गालावर ठेवली. मग डोळ्याखाली दाबून बघितलं, जबड्याखाली बोटं फिरवली, पाण्याचा घोट दिला. येसबानं तो कसाबसा गिळला.

"गिळतुया," ती म्हणाली. "तरी गाडी जुंपून ठिवा. दिस मावळंस्तवर फुटलं न्हाई तर म्या ह्याला दवाखान्यात घिऊन निघाले. मग शिंगाचं काय बी हुंद्या."

हे ऐकून पाटलांचा चेहरा उतरला. पैलवाडीचा धुळबाही नावेतून उतरून तिथं आला होता, त्यानं हातातलं गुंडाळलेलं शिंग नकळत छातीशी धरलं. येसबा सुजल्या तोंडानं कसंबसं बोलला, "आक्का... चाक न्हाई..."

"न्हाई रं बाबा. मळाईची आण, चाकाला हात लावत न्हाई. निस्त्या गुळण्या कर."

पण येसबा तोंड उघडेना. दुखत होतंच, त्याहून त्याला लाज जास्त. ज्या तोंडानं तो दरसाल गावाची मान वर करायचा, ते तोंड असं झालेलं. "समदी हसत्यात," तो म्हणाला आणि त्यानं गाल तळहातानं झाकला.

ठकूआक्का गर्रकन वळली. "दात काढताय व्हय रं? थांबा, तुमास्नी बी दावते."

तिनं गुळाची काहील घासून घ्यायला लावली. तीत नदीचं पाणी ओतलं, जत्रेच्या स्वयंपाकासाठी आणलेल्या मिठाची गोणी सोडली आणि खाली चिपाडाचा जाळ केला. पाणी उकळलं, मग सोसवेल इतकं निवलं. तोवर तिच्या घरून बोळक्यांच्या पाट्या आल्या. जत्रेत मांडायला म्हणून तिनं हिवाळाभर घडवलेली ती बोळकी होती. तिनं ती सगळी वाटून टाकली. पाटलांना एक, देवळाच्या गुरवाला एक, जरीचे पदर डोक्यावर घेतलेल्या सासुरवाशिणींना, आखाड्यातल्या पैलवानांना, जिलबीवाल्याला, आणि धुळबालाही.

"त्वांड भरून घ्यायचं," ती काहिलीच्या कडेला उभी राहून म्हणाली. "माजा हात खाली येस्तवर कुनी थुकायचं न्हाई, गिळायचं न्हाई, आनि बोलायचं तर न्हाईच." आणि तिनं हात वर केला.

गावानं तोंड भरून घेतलं. येसबानंही, सगळ्यांचं बघून, घोट घेतला आणि दुखऱ्या बाजूला धरला. मग त्यानं मान वर केली.

समोर पाटील उभे होते. गाल टम्म, मिशा आडव्या ताठ. त्यांच्या शेजारी गुरव, डोळे बाहेर आलेले. पैलवानांचे गाल त्यांच्या दंडांएवढे झालेले. तुळसा नथ सावरत एका हातानं ओठ दाबून उभी. आणि धुळबा, त्याचा हाडवैरी, शिंग काखेत मारून दोन्ही गाल फुगवून त्याच्याकडंच बघत होता. ज्या तोंडाची येसबाला लाज वाटत होती, तेच तोंड साऱ्या गावाला आलं होतं.

येसबाच्या पोटात काहीतरी खदखदलं. त्यानं ते दाबलं. ते छातीत आलं, त्यानं तिथंही दाबलं. तोंडात पाणी, वर आक्काचा हात, आणि समोर पाटलांच्या मिशा थरथरायला लागलेल्या. मग ते हसू जे उसळलं ते त्याला आवरेना. गाल आतून ताणला आणि तोंडातल्या तोंडात फुस्सकन सूज फुटली.

ठकूआक्कानं हात खाली केला. येसबा वाकून थुंकला, आणि त्याच वेळी अख्खं गाव हसत हसत एकमेकांच्या अंगावर थुंकलं. पाटलांचा फेटा भिजला, गुरवाचं उपरणं भिजलं, कुणाला कुणाचा राग आला नाही. असं म्हणतात की त्या दिवशी गुऱ्हाळापुढं एवढं पाणी सांडलं की खारट ओहोळ नदीला मिळाला आणि नदीतल्या माशांचे दात अजून पांढरेशुभ्र आहेत.

आक्कानं येसबाला पुन्हा बोळकं दिलं, पुन्हा, पुन्हा, थुंकी निवळ येईपर्यंत. गाल उतरला. त्याला जबडा उघडता यायला लागला. तेवढ्यात देवळाकडून हाक आली, "ऊन चाललं!"

सगळे धावले. येसबा पुढं, तुळसा त्याच्यामागं, आणि मागून ओल्या फेट्याचे पाटील. कळसाच्या टोकावर बोटभर ऊन उरलं होतं. येसबानं शिंग उचललं, ओठांना लावलं आणि फुंकलं. नुसता वारा आला, फुर्र. धुळबानं आपल्या शिंगावरचं फडकं सोडलं.

येसबानं ठकूआक्काकडं बघितलं. तिनं दोन्ही गाल फुगवले.

तेव्हा येसबानं टाचेपासून श्वास घेतला आणि असा फुंकला की तो आवाज नदी ओलांडून, पैलवाडी ओलांडून, पार डोंगराला धडकून परत आला. देवळातली घंटा कुणी न हलवता वाजली. आणि असं म्हणतात की त्याच फुंकेसरशी येसबाची गुळण्यांनी हललेली दाढ शिंगात शिरली, शिंगाच्या वळणावळणानं खडखडत गेली, त्याच्या पुढच्या तोंडातून सुसाट सुटली, नावेवरून गेली आणि पैलवाडीच्या काठावर जाऊन पडली. जिथं पडली तिथं बकुळीचं झाड उगवलं. पैलवाडीचे लोक म्हणतात, झाड आधीपासून होतं. त्यांचं काय ऐकता!

पालखी उठली. गर्दीतून ठकूआक्काचा आवाज आला, "बघा बरं का, म्या चाकाला हात लावला न्हाई!"

धुळबाच्या हातात त्याचं शिंग उघडं होतं. आता ते पुन्हा गुंडाळायचं त्याच्या जिवावर आलं, कारण येसबासाठी त्यानंही तोंड भरून पाणी धरलं होतं आणि तोही पोट धरून हसला होता. त्यानं शिंग ओठांना लावलं आणि येसबाच्या शिंगाला साथ दिली. येसबानं त्याला हात धरून पालखीच्या पुढं आणलं. त्या सालापासून मळाईच्या पालखीपुढं दोन शिंगं असतात, एक अलीकडचं आणि एक पलीकडचं.

जत्रा पांगल्यावर गावानं घराघरातून त्या गाल भाजायच्या विटा बाहेर काढल्या. काळ्या, करपलेल्या, कुठल्या कुठल्या आजोबा-पणजोबांच्या. चिंचेच्या रोपाभोवती त्या विटांचा पार बांधला. तुम्ही आत्ता ज्यावर बसून ऐकताय तोच हा पार. पुढच्या पिढीत रसाळवाडीत एकाच्याही गालाला खळगा पडला नाही. हसताना पडणारी खळी सोडून.

ठकूआक्का पुष्कळ जगली. शेवटी शेवटी चाक फिरवायला हात चालेना, तरी ओसरीवर बसून ती सुजल्या गालांना बोळकी देत राहिली. मग एका सकाळी कळलं की आक्का आता उठत नाही. गाव तिच्या अंगणात गोळा झालं. येसबाचे केस पिकले होते, धुळबा काठी टेकत नावेतून आला होता. सगळे मान खाली घालून उभे राहिले.

आक्कानं डोळे उघडले, सगळ्यांवरून फिरवले. "आसली त्वांडं करून उभी ऱ्हायलाय व्हय?" ती म्हणाली. "घ्या तोंडात पानी."

तुळसानं चूल पेटवली, मिठाचं पाणी ऊन केलं, बोळकी भरली. साऱ्यांनी तोंड भरून घेतलं. आक्कानं ओसरीवरच्या अंथरुणातूनच हात वर केला. अंगणात एकूण एक गाल फुगलेला, आणि त्या फुगलेल्या गालांवरून पाणी ओघळत होतं ते बोळक्यातलं नव्हतं. आक्का एकेकाकडं बघत गेली. नजर येसबापाशी आली आणि तिला हसू फुटलं. नेहमीसारखे तिचे डोळे मिटले.

ते पुन्हा उघडले नाहीत. हसतेय की गेली, कुणाला कळेना. हात अजून वर होता, म्हणून कुणी थुंकलं नाही, कुणी गिळलं नाही, कुणी बोललं नाही. मग तो हात हळूहळू खाली आला. असं म्हणतात की त्या क्षणी तिचं चाक आपोआप फिरायला लागलं आणि तिन्हीसांजेपर्यंत फिरत होतं.

आता चैत्रातल्या जत्रेला, ऊन कळसावर यायच्या आधी, ह्या पारापुढं काहील चढते. कुंभारवाड्यातली सगळ्यांत म्हातारी बाई कडेला उभी राहून हात वर करते आणि सगळं गाव तोंड भरून उभं राहतं. मंत्री आले तरी त्यांना गाल फुगवावे लागतात, भाषण त्यानंतर. तालुक्याहून दातांचे डॉक्टर येतात, दिवसभर मांडव घालून किडलेल्या दाढा बघतात, इंजेक्शन देऊन गाठोडी बाहेर काढतात. काहिलीपुढं तेही बोळकं घेऊन रांगेत असतात. हात खाली आला की सारे थुंकतात, हसतात, आणि मग दोन शिंगं वाजतात.

आणखी एक रीत आहे, ती वर्षभर चालते. गेल्या साली एसटीवर नवा कंडक्टर आला. बिचाऱ्याचा गाल सुजलेला, रुमालानं झाकलेला. गाडी आमच्या स्टँडवर थांबली आणि समोरच्या म्हातारीनं त्याच्याकडं बघून दोन्ही गाल फुगवले. मग पेपरवाल्यानं फुगवले, मग चहावाल्यानं, मग शाळेला निघालेल्या सगळ्या पोरींनी. तो आधी चिडला. मग त्यानं चहूकडं बघितलं, तर स्टँडवरच्या एकूण एक माणसाला त्याचंच तोंड आलेलं. त्याच्या हातातला रुमाल खाली आला आणि त्याला हसू फुटलं. म्हातारीनं त्याच्या पुढ्यात बोळकं धरलं आणि गावानं त्याला त्याच दिवशी तालुक्याला पाठवलं. दाढ डॉक्टरांनी काढली. पण बरं करायला सुरुवात ठकूआक्कानं केली, असं आम्ही म्हणतो.